सावडीचे आरमार
(जिल्हा मेळाव्याच्या अभ्याससत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अभ्याससत्रासाठी आम्ही हा विषय घेतला तेव्हा कार्यकर्त्यांतच कुरकुर झाली. कापसाचे आणि ज्वारीचे सोडून फौजांचे आणि आरमाराचे काय घेऊन बसलात, असे काहींनी तोंडावर विचारले. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आधी देतो आणि मग विषयाला हात घालतो.

केंद्र सरकारच्या २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात संरक्षणासाठी सुमारे ६ लाख ८१ हजार कोटी रुपये धरले होते. हा पैसा आभाळातून पडत नाही. आपण डिझेल घेतो, औषधाचा फवारा घेतो, पोरीच्या लग्नाला लुगडी घेतो, त्या प्रत्येक पावतीत त्याचा वाटा असतो. आणि फौजेत जाणारी पोरे कोणाची? कोरडवाहूत भागत नाही म्हणून पहाटे चारला उठून डांबरी सडकेवर पळणारी, भरतीची तयारी करणारी पोरे आपलीच आहेत. पैसा आपला आणि पोरेही आपली, मग हिशेब तेवढा दुसऱ्याने समजून घ्यायचा, हे काही खरे नाही.

संरक्षणावर खर्च करू नये असे आम्ही म्हणत नाही. हुरड्यात आलेली ज्वारी उघडी टाकून घरी झोपणारा शेतकरी आम्ही तरी पाहिलेला नाही. राखण लागतेच. प्रश्न एवढाच आहे की, दोन शेजारी मिळून राखण करू शकतात का? केली तर काय पदरात पडते, आणि काय हातचे जाते? याचा एक जुना आणि अजून टिकलेला नमुना युरोपात आहे. बेल्जियम आणि नेदरलँड्स, म्हणजे आपण ज्याला हॉलंड म्हणतो, हे ते दोन देश. दोन्ही मिळून आपल्या विदर्भाएवढेही भरत नाहीत. त्यांचे आरमार आज जवळजवळ एकाच वाड्यातून चालते. हे कसे घडले ते सांगतो.

वाटेचे भांडण

गोष्ट सुरू होते ती धुऱ्यावरच्या भांडणापासून. बेल्जियमचे मोठे बंदर अँटवर्प. ते समुद्राकाठी नाही, शेल्ड नावाच्या नदीवर आत आहे. आणि त्या नदीचे मुख पडते नेदरलँड्सच्या हद्दीत. म्हणजे तुमचे वावर आत आणि गाडीवाट शेजाऱ्याच्या वावरातून, अशी गत. तालुक्याच्या कचेरीत अशा वहिवाटीच्या दाव्यांचे किती गठ्ठे पडलेले आहेत हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

नेदरलँड्सने ही वाट १५८५ नंतर अडवली आणि १६४८ च्या तहात ती अडवण्यावर शिक्का मारून घेतला. अँटवर्पचा व्यापार बसला. अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रेंच फौजा आल्या तेव्हा कुठे वाट उघडली. १८१५ मध्ये दोन्ही मुलूख एका राजाखाली आणले गेले, ते १८३० मध्ये फुटले. १८३१ च्या ऑगस्टमध्ये नेदरलँड्सची फौज बेल्जियममध्ये घुसली आणि दहा दिवस लढाई झाली. फ्रेंच फौज बेल्जियमच्या मदतीला आली तेव्हा ती परतली. १८३९ च्या तहात बेल्जियमचे स्वातंत्र्य मान्य झाले, वाटही मिळाली, पण प्रत्येक जहाजावर टनामागे टोल बसला.

हा टोल कसा उठला ते ध्यानात ठेवा. १८६३ मध्ये बेल्जियमने आणि त्या वाटेने व्यापार करणाऱ्या इतर देशांनी एकरकमी पैसा मोजला आणि टोल कायमचा विकत घेऊन टाकला. कोणी कोणाला भाऊ म्हणून मिठी मारली नाही. किंमत ठरली, रक्कम पोचली, पावती झाली आणि भांडणाचे मूळ गेले. आमच्या मते त्यांच्या आजच्या सामाईक आरमाराचा पाया या पावतीत आहे.

बंदर हाती, वाट नाही

पुढचा धडा दुसऱ्या महायुद्धाने दिला. १९४० च्या मे महिन्यात जर्मनीने दोन्ही देश काही दिवसांत घेतले. एकेकट्याने केलेली राखण कामी आली नाही. मग १९४४ च्या ४ सप्टेंबरला मित्रराष्ट्रांच्या फौजांनी अँटवर्प शहर परत जिंकले. बंदराचे धक्के, याऱ्या जवळजवळ शाबूत हाती आल्या. पण बंदराचा उपयोग शून्य! कारण नदीचे दोन्ही काठ जर्मनांच्या ताब्यात आणि पाण्यात सुरुंग पेरलेले. काठ मोकळे करायला नोव्हेंबर उजाडला, त्यात कॅनडाच्या आणि इतर देशांच्या हजारो सैनिकांचे रक्त सांडले. त्यानंतर सुरुंग काढायला आणखी आठवडे गेले. पहिला मालजहाजांचा ताफा २८ नोव्हेंबरला अँटवर्पला लागला. जवळपास तीन महिने बंदर हातात असून दाणागोटा उतरत नव्हता.

त्याच हिवाळ्यात नेदरलँड्सचा जो भाग जर्मनांच्या ताब्यात उरला होता तिथे उपासमार झाली. सुमारे वीस हजार माणसे भुकेने गेली. लोकांनी फुलझाडांचे कंद उकडून खाल्ले. भूक काय असते हे १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्यांना वेगळे सांगायची गरज नाही.

दोन्ही देशांनी यातून एक गोष्ट शिकून घेतली. पाण्यातला सुरुंग बेल्जियमचे जहाज कोणते आणि नेदरलँड्सचे कोणते हे पाहत नाही. वाट एकच असेल तर ती मोकळी ठेवण्याचे कामही एकच आहे.

सावड कशी बसली

आपल्याकडे ज्याच्या दावणीला एकच बैल आहे तो दुसऱ्या एकबैल्याशी सावड करतो. आज तुझे वखरणे, उद्या माझे. बैल मात्र ज्याचा त्याचाच राहतो. या दोन देशांनी १९४८ मध्ये आरमाराच्या सहकार्याचा करार केला तो याच चालीचा. सुरुवात लहान कामांपासून झाली. सुरुंग काढायचे शिक्षण एकत्र द्यायचे, त्यासाठी बेल्जियममध्ये ऑस्टेंडला एकच शाळा, दोन्हीकडची पोरे तिथेच शिकणार.

ऐंशीच्या दशकात फ्रान्सला सोबत घेऊन सुरुंग शोधणाऱ्या नौका बांधल्या. तिघांनी कामे वाटून घेतली. सुरुंग शोधायची यंत्रे फ्रान्सची, विजेची जोडणी बेल्जियमची, इंजिनाची बाजू नेदरलँड्सची. नौकांचे अंग लोखंडाचे न करता काचतंतूंचे केले, कारण लोखंड जवळ आले की चुंबकी सुरुंग फुटतो. नौका तिघांच्या, पण नमुना एक. त्यामुळे सुटे भाग एक आणि दुरुस्तीचा मिस्त्रीही एकच पुरतो. ज्याच्या गावात पाच कंपन्यांची पाच इंजिने आहेत आणि एकाचा वॉशर दुसऱ्याला बसत नाही, त्याला यातला फायदा चटकन कळेल.

१९९६ च्या जानेवारीपासून दोन्ही आरमारांचे मुख्यालय एक झाले. ते नेदरलँड्समध्ये डेन हेल्डर येथे आहे. प्रमुख नेदरलँड्सचा, त्याचा दुय्यम बेल्जियमचा. कामाची वाटणी अशी झाली की फ्रिगेट जातीच्या मोठ्या युद्धनौकांची देखभाल आणि शिक्षण नेदरलँड्सकडे, सुरुंग शोधणाऱ्या नौकांचे बेल्जियमकडे. नेदरलँड्सने आपल्या दोन फ्रिगेट बेल्जियमला विकल्या. त्या २००७ आणि २००८ मध्ये बेल्जियमच्या निशाणाखाली आल्या. त्यानंतर काही वर्षांत दोघांकडे एकाच जातीच्या प्रत्येकी दोन फ्रिगेट राहिल्या.

नवी खरेदीही सावडीनेच. सुरुंग शोधणाऱ्या १२ नव्या नौकांचा करार २०१९ मध्ये बेल्जियमने दोघांच्या वतीने केला, प्रत्येकाला ६. चार नव्या फ्रिगेटचा करार २०२३ मध्ये नेदरलँड्सने दोघांच्या वतीने केला, प्रत्येकाला २. गिऱ्हाईक एक झाले की कारखानदाराशी घासाघीस करता येते. सगळे सुरळीत झाले असे मात्र समजू नका. फ्रिगेटचे काम लांबले, खर्च वाढला आणि त्यावरून संसदेत विचारणा झाली. सावडीने घेतली म्हणून वस्तू आपोआप स्वस्त होत नाही.

हो की नाही, ज्याचे त्याच्या हाती

मागच्या बैठकीत एका म्हाताऱ्या काकांनी आम्हाला अडवले होते. ते म्हणाले, "बाबा, तिफण शेजाऱ्याला द्यावी, पण विळा द्यावा का?" सगळ्या विषयाची कळ या एका प्रश्नात आहे. हत्यार सामाईक केले तर ते चालवायचे कधी आणि कोणावर, हे ठरवणार कोण?

या दोघांनी त्याचे उत्तर असे शोधले. शाळा एक, कारखाना एक, सुटे भाग एक, मुख्यालय एक. पण नौकेवर निशाण ज्याचे त्याचे, खलाशी ज्याचे त्याचे, आणि लढाईवर पाठवायचे की नाही हे ज्याच्या त्याच्या सरकारने ठरवायचे. याची कसोटी २००३ मध्ये लागली. अमेरिकेने इराकवर चढाई केली तेव्हा बेल्जियमने उघड विरोध केला. नेदरलँड्सच्या सरकारने पाठिंबा दिला आणि पुढे हजारावर सैनिक इराकमध्ये पाठवले. इतका टोकाचा मतभेद झाला, तरी सावड मोडली नाही, कारण एकाच्या निर्णयात दुसऱ्याला फरफटत नेण्याची सोय मुळात ठेवलेलीच नव्हती.

आकाशाच्या राखणीतही हीच रीत आहे. रानडुकरांच्या भीतीने आपण जागलीची पाळी लावतो. आज तुम्ही माळ्यावर, उद्या आम्ही, आणि हाळी घालायची ती सगळ्यांच्या रानासाठी. २०१७ पासून बेल्जियम आणि नेदरलँड्स यांची लढाऊ विमाने पाळीपाळीने दोघांच्या आणि लहानग्या लक्झेंबर्गच्या आकाशावर पहारा देतात. पाळी बेल्जियमची असली आणि संशयास्पद विमान नेदरलँड्सच्या आकाशात असले, तर बेल्जियमचे विमान उडते. पण गोळी झाडायची वेळ आली तर परवानगी नेदरलँड्सच्या सरकारची लागते. काकांच्या प्रश्नाचे उत्तर यात आहे. विळा देता येतो, पण आपल्या रानात तो चालवायचा हुकूम आपलाच राहिला पाहिजे.

ज्यांनी ही गोष्ट सोडली त्यांचे काय झाले तेही पाहा. १९५२ मध्ये फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या सहा देशांनी एकच युरोपीय फौज उभारण्याचा करार केला. एक गणवेश, एक अंदाजपत्रक, मोठा गाजावाजा. कल्पना फ्रान्सने मांडलेली. चार देशांनी मान्यता दिली आणि १९५४ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सच्याच संसदेने ती बुडवली. फौजेवरचा आपला हुकूम सोडायला त्यांचे लोक तयार नव्हते. वरून लादलेल्या मोठ्या सहकाराची गत आपण आपल्या जिल्ह्यात पाहिलेली आहे, त्यावर जास्त बोलत नाही. १९४८ ची लहान सावड मात्र चालत राहिली.

विकलेले बैल

आता दुसरी बाजू. सावडीच्या भरवशावर आपली दावण रिकामी करावी का?

नेदरलँड्सने तेही करून पाहिले. २०११ मध्ये खर्चकपातीसाठी त्यांनी आपली रणगाड्यांची शेवटची दलेही मोडली. रणगाडे विक्रीला काढले. शंभर रणगाडे २०१४ मध्ये फिनलंडने घेतले. आता युरोपात रणगाड्यांची लढाई होत नसते, असा हिशेब होता. त्याच २०१४ मध्ये रशियाने युक्रेनचा क्रिमिया घेतला.

मग त्यांनी दुसऱ्या शेजाऱ्याशी, जर्मनीशी, सावड केली. ज्या जर्मनीने १४ मे १९४० ला रॉटरडॅम शहर बाँबने पेटवले, त्याच जर्मनीशी. दोघांचे संयुक्त मुख्यालय १९९५ पासून म्युन्स्टरला होतेच. २०१६ मध्ये जर्मनीतल्या बेर्गेन भागात एक मिश्र रणगाडा पलटण उभी राहिली. रणगाडे जर्मनीचे, त्यांतले १८ भाड्याने घेऊन त्यावर नेदरलँड्सची शंभरेक माणसे. त्यामुळे रणगाडा चालवणारा हात तरी जिवंत राहिला. २०२३ पर्यंत नेदरलँड्सच्या तिन्ही लढाऊ ब्रिगेड जर्मन डिव्हिजनांना जोडल्या गेल्या.

पण २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर पुरती चढाई केली आणि युरोपात सगळ्यांनाच एका वेळी रणगाडे हवेसे झाले. मृगाचा पाऊस पडून वाफसा झाला की गावातल्या प्रत्येकाला त्याच दिवशी तिफण लागते. तेव्हा भाड्याने बैल देणारा आधी आपले रान पेरतो, त्यात त्याची चूक नाही. नेदरलँड्सने २०२४ मध्ये पुन्हा स्वतःचे रणगाडे घ्यायचे ठरवले आणि २०२५ च्या मे महिन्यात ४६ नव्या रणगाड्यांचा करार केला. विकलेले रणगाडे जुने होते, घेतलेले नवे आहेत हे खरे, पण एकेकाची किंमत विकलेल्यापेक्षा कित्येक पट आहे. दुष्काळात बैल बाजारात नेऊन मातीमोल विकायचे आणि पेरणीच्या तोंडावर दामदुपटीने आणायचे, हा व्यवहार आपल्या ओळखीचा आहे.

लक्झेंबर्गची चाल याहून शहाणपणाची वाटते. त्यांच्या लोकांची संख्या सात लाखांच्या आत. स्वतःचे हवाई दल त्यांना परवडत नाही. त्यांनी एकच मोठे मालवाहू विमान घेतले आणि बेल्जियमच्या त्याच जातीच्या सात विमानांच्या ताफ्यात ठेवले. चालक आणि मिस्त्री दोघांचे मिळून. २०२० पासून हे चालू आहे. एक बैल का होईना, पण स्वतःचा घेऊन सावडीत उतरलेला माणूस पाहुणा राहत नाही, भागीदार होतो.

आपण काय घ्यायचे

सावडीमुळे तिकडचा खर्च थांबला असा समज करून घेऊ नका. २०२५ च्या जूनमध्ये द हेग शहरात नाटो या लष्करी गटाच्या देशांनी २०३५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ५ टक्के खर्च संरक्षण आणि त्याच्याशी जोडलेल्या कामांवर नेण्याचे ठरवले. ओझे तिकडेही वाढते आहे. सावडीने एवढेच साधले की लहान देशांना जे एकट्याने मुळीच जमले नसते ते जमले, आणि वाया जाणारा पैसा काही प्रमाणात वाचला.

आपल्या उपखंडात असे उद्या होईल, असे भाबडे बोलणे आम्ही बोलणार नाही. भूतानसारख्या शेजाऱ्याशी आपले लष्करी सहकार्य आहे, १९६२ पासून आपले प्रशिक्षण पथक तिथे आहे. दुसरीकडे १९८४ पासून सियाचिनच्या बर्फात आपली पोरे पहारा देत आहेत, कारण तिथला बांध कोणाचा हे अजून ठरलेले नाही. बांधाचा वाद किती महाग पडतो याचा हिशेब त्या बर्फात लिहिलेला आहे.

तेव्हा कोणत्याही सरकारने उद्या कोणत्याही शेजाऱ्याशी संरक्षणाचा करार केला, सामाईक कारखाना काढला, गुंतवणुकीचे आकडे सांगितले, तर टाळ्या वाजवण्याआधी चार गोष्टी विचारा. शेजाऱ्याशी वाटेचा आणि बांधाचा जुना वाद मिटला का? हत्यार चालवायचा हुकूम कोणाच्या हाती राहिला? दुरुस्ती आणि सुटे भाग कोणाच्या वाड्यात, आणि उद्या बिनसले तर ते मिळणार कसे? आणि सगळ्यांच्या रानात एकाच दिवशी वाफसा झाला तर आपली पेरणी कोण करणार? या चारांची उत्तरे कागदावर नसतील, तर तो करार निव्वळ भाषण समजा.

बेल्जियम आणि नेदरलँड्स यांच्यात १८३१ मध्ये तोफा चालल्या. १८६३ मध्ये त्यांनी वाटेचा पैसा चुकता केला. सामाईक आरमाराचा पहिला करार त्यानंतर ८५ वर्षांनी झाला. आधी वाट मोकळी झाली, तोफा मागाहून एकत्र आल्या. हा क्रम उलटा करून कोणाचे साधल्याचे आमच्या तरी पाहण्यात नाही.

गावी परत गेल्यावर ज्याचा ज्याचा धुऱ्याचा दावा कचेरीत धूळ खात पडला आहे, त्याने एकदा शेजाऱ्याकडे जाऊन बसावे, किंमत विचारावी. फौजांचे पुढे पाहू. खरिपाच्या आत आपली गाडीवाट तरी मोकळी झालेली असेल.

जय हिंद.